बिनआकडी चकत्या

माझ्या कपाटात साडेपाचशे चकत्या आहेत. रंग सहा, आकडा एकीवरही नाही. मूळच्या त्या रुलेटच्या टेबलावरच्या. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात अटलांटिक सिटी नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तिथे २०१४ या एकाच वर्षात चार कॅसिनो बंद पडले. त्यांपैकी एकातला हा माल, असे जुन्या वस्तू विकणाऱ्याने माझ्या भाच्याला सांगितले. भाचा एडिसनला राहतो. साडेपाच किलो वजन बॅगेत भरून त्याने ते चिकलठाण्याला आणले. त्यापायी ताईचे बदाम तिकडेच राहिले. त्याबद्दल ती मला अजून ऐकवते.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढली. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणे हा माझा धंदा. त्यामुळे कोणतीही गोल, चपटी वस्तू हातात आली की बोट आधी तिच्या कडेवरून फिरते. साच्याचे दोन भाग कुठे मिळाले, माल कुठून शिरला, पूड दाबली की रस ओतला, हे डोळा आपोआप शोधतो. या चकत्या मी पहिल्या रात्रीच व्हर्नियरने मोजल्या. व्यास ३९ मिलिमीटर, जाडी तीनहून थोडी जास्त, वजन जवळपास १० ग्रॅम. कडेवरचे रंगीत ठिपके रंगवलेले नाहीत. मूळ मिश्रणात दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवून, उष्णता आणि दाब देऊन सगळे एकजीव केले आहे. कडेजवळ वर्तुळात टोपी आणि छडीची उठावाची नक्षी फिरते. ती पॉलसन या कंपनीची खूण. पॉल एंडी नावाच्या गृहस्थाने १९६३ साली लास व्हेगासमध्ये ही कंपनी काढली आणि पुढे निम्म्या जगाच्या जुगाराला चकत्या पुरवल्या. चकत्या गोळा करणाऱ्यांची अमेरिकेत १९८८पासून रीतसर संघटना आहे. तिकडचे संग्राहक नुसती कड पाहून साचा ओळखतात.

घरी येणारा पाहुणा चकत्या पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे तुम्ही जुगार खेळता?" दर शनिवारी रात्री आम्ही पाच जण पोकर खेळतो हे खरे. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. उरलेले उत्तर शोधताना मला कवडीपासून कायद्यापर्यंत बरेच काही वाचावे लागले. ते इथे मांडतो आहे.

रंग म्हणजे माणूस

कॅसिनोत चकत्या दोन जातींच्या असतात. एकीवर किंमत छापलेली असते. शंभराची चकती कोणत्याही टेबलावर शंभराचीच, आणि खिडकीवर दिली की शंभर रुपये परत. दुसरी जात फक्त रुलेटची, आणि ती आकड्याशिवाय असते.

याचे कारण खेळातच आहे. पत्त्यांच्या टेबलावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, समोरचा ढीग ज्याचा त्याचा. रुलेटमध्ये सात-आठ माणसे एकाच हिरव्या पटावर वाकलेली असतात. सतराच्या घरात तिघांनी पैसे लावले आणि गोळी सतरावर थांबली, तर कोणाचे किती? रुलेट अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रुजले. पुढे होम्बुर्ग आणि माँटे कार्लो इथे ब्लाँ कुटुंबाने ते भरभराटीला आणले. त्या काळी पटावर सोन्याचांदीची नाणी पडत. दस्तयेव्हस्कीने १८६६ साली सव्वीस दिवसांत सांगून लिहून घेतलेली 'जुगारी' ही कादंबरी वाचा, तिच्यात टेबलावर नाणीच खळखळतात. आणि नाण्यावर राजाचे नाव असते, खेळणाऱ्याचे नसते.

यावर तोडगा निघाला रंगाचा. तुम्ही टेबलाशी गेलात आणि दोन हजार रुपये दिलेत की डीलर वीस चकत्यांची एक थप्पी पुढे सरकवतो. निळी म्हटले तर निळी. आता या टेबलावर निळा रंग तुमचा. एका निळ्या चकतीची किंमत त्या दिवशी शंभर रुपये, आणि ते लक्षात राहावे म्हणून चाकाच्या कडेवर एक निळी चकती ठेवून तिच्यावर खुणेचे बटण ठेवतात. शेजारी हिरव्या रंगाने खेळणाऱ्याची एक चकती पाचशेचीही असू शकेल. दोन्ही एकाच साच्यातल्या, एकाच वजनाच्या. टेबल सोडताना निळ्या चकत्या तिथेच परत द्यायच्या आणि आकडेवाल्या घेऊन उठायचे. दुसऱ्या टेबलावर निळ्या चकतीला काही किंमत नाही. दारावरच्या खिडकीवरही नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी स्वतः अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी जुन्या सहकाऱ्यांबरोबर गोव्याला गेलो होतो. मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो जहाजावर हौस म्हणून रुलेटला बसलो. अर्ध्या तासात तेरा चकत्या गेल्या, सात उरल्या. उठताना एक हळूच शर्टाच्या खिशात टाकली. साचा पाहायचा होता. डीलर मुलीने उरलेल्या मोजल्या, चाकाकडे पाहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, एक कमी आहे." मी खिशातून काढून दिली. सोबतचे अजून त्यावरून चिडवतात. पण ती मुलगी बरोबर होती. माझ्या खिशातली वस्तू माझी नव्हतीच.

कवडीपासून लाखेपर्यंत

पैशाऐवजी दुसरे काही टेबलावर टाकण्याची कल्पना जुनी आहे. आपल्याकडे तिचे उत्तम उदाहरण कवडी. मालदीवच्या समुद्रातून निघालेली कवडी भारतभर नाणे म्हणून चालली. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेट जिल्ह्याचा महसूल कवड्यांत भरला जाई आणि त्यासाठी नावा भरून कवड्या हलवाव्या लागत. तीच कवडी पटावर फाशासारखी टाकली जाते, आणि तीच तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात भवानीची माळ होऊन बसते. एकच शिंपला बाजारात पैसा, पटावर दान आणि गळ्यात देवीची खूण. बाजारातला व्यवहार बंद झाला तशी तिची किंमत इतकी उतरली की भाषेत 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' एवढेच उरले. गळ्यातल्या माळेची किंमत मात्र तसूभर कमी झाली नाही. शिंपला तोच होता. त्याला मानणारी माणसे निराळी होती.

युरोपात ही वस्तू हिशेबनिसांच्या टेबलावर जन्मली. रोमन आकड्यांनी बेरीज-वजाबाकी करणे अवघड, म्हणून रेघा आखलेल्या फळीवर धातूच्या चकत्या टाकून हिशेब होई. फ्रेंच भाषेत 'टाकणे' या अर्थाच्या क्रियापदावरून त्या चकतीला 'जेटॉन' म्हणू लागले. जर्मनीतले न्यूरेंबर्ग हे त्या बनवण्याचे मोठे ठिकाण होते. शून्यासह आपले भारतीय आकडे अरबांमार्फत तिकडे पोचले, कागदावरचा हिशेब सोपा झाला आणि फळीवरच्या चकत्या बेकार झाल्या. मग त्यांना पत्त्यांच्या टेबलावर काम मिळाले. गंमत अशी, की आकड्यांनी जिला हिशेबातून हुसकले, ती पुढे रुलेटवर आकड्याशिवायच स्थिरावली.

अठराव्या शतकात इंग्रज घराण्यांनी चीनमधल्या कँटनहून शिंपल्याच्या नाजूक चकत्या मागवल्या, त्यांवर आपापली कुलचिन्हे कोरून घेतली. काही माशाच्या आकाराच्या असत. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) धाकटी लिडिया किती मासे जिंकले, किती हरले, याची अखंड बडबड करते. ते मासे म्हणजे या चकत्या.

पोकर एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीच्या काठाने वाढले. सुरुवातीला टेबलावर नाणी, सोन्याचे खडे, हाडाचे आणि हस्तिदंताचे तुकडे असे काहीही पडे. १८८०च्या सुमारास चिकणमाती आणि लाख यांच्या मिश्रणाच्या चकत्या बाजारात आल्या. माझ्यातला साचेवाला इथे थांबतो. ही लाख म्हणजे आपल्याच जंगलातल्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किड्यांनी साठवलेला राळेसारखा पदार्थ. छोटा नागपूर हा तिचा मोठा प्रदेश. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर, बांगड्यांवर आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांत जी लाख गेली, तीच अमेरिकेतल्या जुगाऱ्यांच्या बोटांखालीही गेली. उष्णतेने मऊ होते, दाबाने आकार घेते आणि थंड झाल्यावर कडक वाजते. चकतीला असे द्रव्य हवेच होते.

आपल्याकडे इंग्रजांच्या 'ब्रॅग' या खेळातून तीन पत्ती आली आणि बूट, ब्लाइंड, चाल हे शब्द रूढ झाले. पण आपल्या घरांत चकती फारशी आली नाही. पाडव्याच्या रात्री सतरंजीवर नोटा आणि चिल्लरच पडत आली. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा आहे, आणि एरवी पत्त्याला हात न लावणारी घरेही त्या रात्री तेवढा डाव मांडतात.

तीन कायदे, एक साल

आता कायद्याकडे वळू, कारण पाहुण्याच्या खालच्या आवाजातल्या प्रश्नामागे कायदाच असतो.

१९७६ हे साल या बाबतीत विलक्षण आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीत कॅसिनोला परवानगी दिली आणि मे १९७८मध्ये पहिला कॅसिनो उघडला. माझ्या चकत्यांचे गोत्र तिथले. त्याच १९७६ साली गोवा, दमण आणि दीवसाठी सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा कायदा झाला. आणि त्याच साली महाराष्ट्रात, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा झाला. म्हणजे परवाना देऊन कॅसिनो चालू देण्याची तरतूद त्यात होती.

पुढे जे घडले ते उलटेच. गोव्याच्या बंदीच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आले, १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांचे खेळ आले, आणि मांडवी कॅसिनोंच्या दिव्यांनी उजळली. रुलेटचे खरे चाक आणि हाताळता येणारी चकती जहाजावर, जमिनीवर यंत्र, अशी ती विभागणी. फेब्रुवारी २०२०पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला मनाई झाली. बाहेरच्यांनी यावे, खेळावे. महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा मात्र विधिमंडळात मंजूर होऊनही कधी अंमलातच आला नाही. अंमलाची अधिसूचना निघाली नाही. ऑगस्ट २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले आणि सत्तेचाळीस वर्षे कागदावर राहिलेला कायदा गेला. बंदीच्या कायद्याखाली जुगार फुलला आणि परवानगीच्या कायद्याखाली एक चाक फिरले नाही.

महाराष्ट्रात मुख्य कायदा आजही १८८७चा, मुंबई इलाख्याचा. तो झाला तेव्हा आमचे चिकलठाणे त्या इलाख्यात नव्हतेच, निजामाच्या राज्यात होते. तिथे १३०५ फसलीचा, म्हणजे इसवी सन १८९५-९६च्या सुमाराचा, हैदराबादचा जुगारबंदी कायदा होता. त्याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर धाड पडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाचा. भारतात पत्त्यांचा वाद निघाला की आजही याच निकालापासून सुरुवात होते. पोकर कोणत्या बाजूला, यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटकाच्या न्यायालयाने एक सूर लावला, गुजरातच्या न्यायालयाने २०१७मध्ये दुसरा.

आणि चकती? १८८७च्या कायद्यात जुगाराचे साधन याची व्याख्या इतकी रुंद आहे, की जुगारासाठी वापरलेली कोणतीही वस्तू तीत बसते. पैसे लावले तर माझी चकतीही.

परदेशी कायद्याने चकतीचा विचार फार बारकाईने केला आहे. नेवाडा राज्याच्या नियमावलीनुसार चकती म्हणजे कॅसिनोने तुम्हाला असलेल्या देण्याचा पुरावा. ती वस्तू मालकीने कॅसिनोचीच राहते. लंडनमध्ये एका सॉलिसिटर फर्मच्या भागीदाराने अशिलांच्या खात्यातले पैसे काढून प्लेबॉय क्लबमध्ये उडवले. फर्मने क्लबवर दावा लावला. क्लबचे म्हणणे असे, की आम्ही पैसे फुकट घेतले नाहीत, बदल्यात चकत्या दिल्या. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९१ साली ते फेटाळले. चकती ही पैशांनी खेळणे सोपे व्हावे म्हणून केलेली सोय. ती दिली म्हणजे मोबदला दिला असे होत नाही. क्लबला सुमारे दीड लाख पौंड परत करावे लागले.

हा निकाल वाचला तेव्हा मला आमच्या कँटीनची आठवण झाली. कारण चकती म्हणजे नुसती सोय, हे मी एकदा मानले होते. तेव्हा चूक माझी होती.

एकोणीस टोकने

१९८६ची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीत होतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या जालना रस्त्यावरच्या या वसाहतीत तेव्हा तिन्ही पाळ्या चालत. आमच्या कारखान्यात जेवणासाठी पितळी टोकने मिळत. महिन्याला सव्वीस, पैसे पगारातून कापलेले. टोकन खिडकीत टाकायचे, थाळी घ्यायची.

दिवाळी महिनाभरावर होती, बोनस व्हायचा होता, खिशात पैसे कोणाच्याच नव्हते. रात्रपाळीच्या सुटीत कॉम्प्रेसरच्या शेडमागे तीन पत्ती बसे. पैसे लावले तर सुपरवायझर पकडेल, म्हणून टोकने लावायची असे ठरले. पैसे नाहीत, म्हणजे जुगार नाही. ही युक्ती माझीच होती.

शेंद्र्याहून सायकलने येणारा एक मोल्डिंग ऑपरेटर आमच्यात बसे. माझ्याच वयाचा, अबोल, हात कमालीचा सफाईदार. पत्त्यात मात्र त्याला थांबता येत नसे. पाच रात्रींत त्याची एकोणीस टोकने माझ्याकडे आली. नोटा असत्या तर मी इतक्या घेतल्या नसत्या आणि त्याने इतक्या टाकल्या नसत्या, असे मला आज वाटते. पितळेच्या चकत्या होत्या. खणखणत आल्या, खणखणत गेल्या.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या वेळी तो दिसेना. विचारले तर म्हणे, उपास आहे. दोन दिवस, चार दिवस. कँटीनचा वाढपी एक दिवस मला म्हणाला, "तुमच्या त्या मित्राचा उपास लईच लांबला हो. नळावर पाणी पितो आणि मशीनवर जातो." घरून भाकरी का आणत नाही, हे कळायला मला रात्र लागली. घरी भाकरी मागायची तर टोकने कुठे गेली ते सांगावे लागले असते.

मी टोकने परत द्यायला गेलो. त्याने घेतली नाहीत. "हरलो ते हरलो." मग मी त्याला डावाला बसवले आणि मुद्दाम हरू लागलो. दुसऱ्याच डावात हातात चांगली पाने असताना मी पॅक केले. त्याने ती उलटी करून पाहिली, पत्ते खाली ठेवले आणि उठून गेला. हातात पाने नव्हती म्हणून तो हरला होता, भीक नको होती.

शेवटी वाढप्याने मार्ग काढला. रोज मी दोन टोकने खिडकीत टाकायची, एक माझे आणि एक जिंकलेले, आणि दोन थाळ्या घेऊन त्याच्यासमोर बसायचे. थाळी वाढलेली आहे, आता फेकणार का? पहिल्या दिवशी तो काही बोलला नाही, पण जेवला. दिवाळीची सुटी धरून महिनाभर आम्ही असे जेवलो. अठरा टोकने संपली. एकोणिसाव्या दिवशी तो आला नाही. वाळूजला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, तिकडे त्याला काम लागले होते. हिशेब न्यायला आला तेव्हा मी उरलेले टोकन पुढे केले. म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे." त्यानंतर तो पत्त्याला कधी बसला नाही, असे ऐकतो. मी बत्तीस वर्षे बसलो नाही.

आमचे टेबल

निवृत्त झाल्यावर पुन्हा बसलो ते या चकत्यांमुळे. पाच जण आहोत. एक निवृत्त शिक्षक, एक औषध कारखान्यातला, एक वकील, एक शेजारचा दुकानदार आणि मी. पहिली अट माझी, पैसे लावायचे नाहीत. पैशाच्या जागी चालणारी दुसरी कोणतीही वस्तूही नाही. वकिलांनी ती लगेच मान्य केली. १८८७चा कायदा आम्हाला त्यांनीच समजावून सांगितलेला.

सुरुवातीचे चार-सहा शनिवार खेळ अगदी पडला. पोकरचा प्राण बतावणीत आहे. हातात काही नसताना मोठी रक्कम पुढे सरकवायची आणि समोरच्याला पाने टाकायला लावायचे. रक्कमच खोटी असेल तर भितो कोण? प्रत्येक जण प्रत्येक वेळी 'बघू तरी' म्हणून चकत्या टाकू लागला. शिक्षक म्हणाले, "हे पोकर नव्हे, भातुकली आहे." दुकानदाराने सुचवले, दहा-दहा रुपये तरी लावू. त्या रात्री आम्ही खेळ मोडून बराच वेळ बोलत बसलो.

उपाय निघाला वहीचा. वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे पाडव्याला, प्रत्येकाच्या नावे सारख्या चकत्या मांडायच्या. दर शनिवारी वाढ-घट वहीत चढवायची. संपल्या तर उसन्या नाहीत. वर्ष संपेपर्यंत त्याने फक्त पत्ते वाटायचे आणि चहा करायचा. पहिल्याच वर्षी औषधवाले श्रावणात संपले आणि दिवाळीपर्यंत त्यांनी निमूट चहा केला. त्यानंतर कोणी 'बघू तरी' म्हटले नाही. चकत्या मोजक्या झाल्या, आठवण राहू लागली आणि बतावणीला धार आली. पैशाने जे काम होते ते टंचाईने आणि वहीने केले.

रुलेटच्या चकत्या इथे चपखल बसतात. आकडा नसल्याने किंमत आम्हीच ठरवतो. भिंतीवर एक चिठ्ठी लावली आहे: पांढरी एक, लाल पाच, हिरवी पंचवीस, असे पुढे. मूळ टेबलावर रंग माणूस सांगत होता, आमच्याकडे तो किंमत सांगतो. आकडेवाल्या चकत्या असत्या तर कधीतरी कोणीतरी तो आकडा रुपयांत वाचला असता. कोऱ्या चकतीला चिठ्ठीबाहेर अर्थ नाही. रात्री चिठ्ठी काढली की त्या नुसत्या मातीच्या.

हा जपून केलेला खेळ काहींना बालिश वाटतो. पण आमच्यातल्या एकाच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी फोनवरच्या खेळांत मोठी रक्कम घालवली. घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण ना पत्ते दिसले ना नोटा. त्याने आम्हाला स्क्रीन दाखवली. हिरवा पट, आणि त्यावर चकत्यांची चित्रे, कडेवर ठिपकेसुद्धा काढलेले. मी नाणे पाहिले आहे, पितळी टोकन पाहिले आहे, लाखेच्या चकतीबद्दल वाचले आहे. इथे वस्तूच उरली नव्हती, तिचे चित्र होते, आणि त्याच्या मागे मात्र बापाच्या खात्यातले खरे पैसे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या घराला त्याचा उपयोग उशिरा झाला. तो मुलगा आता अधूनमधून शनिवारी आमच्यात बसतो. वहीत त्याचेही पान आहे.

पोकरमध्ये पत्ते वाटण्याची पाळी कोणाची हे कळण्यासाठी एक खूण टेबलाभोवती फिरते. बाजारात त्यासाठी पांढरी प्लास्टिकची मोठी चकती मिळते. आमच्याकडे त्या जागी ते एकोणिसावे पितळी टोकन आहे. ज्या कँटीनचे ते होते ती बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्यावर आता कुठे थाळी मिळायची नाही. येत्या पाडव्याला वही मिटेल, नवी उघडेल, चकत्या पुन्हा सारख्या वाटल्या जातील. टोकन तेवढे वाटायचे नाही. ते डावीकडच्याकडे सरकवायचे आणि पत्ते पिसायचे.